आईच्या तंबोऱ्याची सफाई

हैदराबादेत घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर डिसेंबर-जानेवारीतच. उरलेले दहा महिने पंखा चालू ठेवला तर त्याची घरघर माइकमध्ये, बंद केला तर घामाच्या धारा. वर्षभर साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती आणि लग्नांचे व्हिडिओ यांना संगीत देऊन पोट भरायचं आणि थंडीत स्वतःची गाणी करायची, असा माझा रिवाज. तेव्हा चिक्कडपल्लीतला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट स्टुडिओ होतो. बाहेरचा आवाज अडवायला घरातल्या सगळ्या रजया खिडक्यांवर टांगल्या जातात आणि आई अन् मी ऐन थंडीत शालींवर भागवतो. आई रोज कुरकुरते, आणि ते रास्तच आहे.

गेल्या थंडीत मला एका गाण्याला आईचा तंबोरा हवा होता. आई शाळेत संगीत शिकवायची. निवृत्तीनंतर बोटांचे सांधे आखडले आणि दोन वर्षांपूर्वी तिने तंबोऱ्यावर गवसणी चढवली, ती पुन्हा काढलीच नाही. "माझ्या हातांचं आता संपलं," एवढंच म्हणाली. रडली असती तर मी समजूत तरी घातली असती.

पंचाईत अशी की पंखा थंडीत बंद होतो आणि आईची बोटंही थंडीतच रुसतात. मी महिनाभर तिच्या मागे लागलो. शेवटी एका दुपारी ती गच्चीवर तासभर उन्हात हात शेकत बसली, खाली आली आणि म्हणाली, "चल, एकदाच." तिने तारा लावल्या, मी माइकपाशी बसून गायलो. सहा मिनिटं. मग ती बोटं चोळत चहा ठेवायला उठली. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशीची भांडी मी घासली.

आता माझा पराक्रम. रेकॉर्डिंगमधली खरखर काढायला सॉफ्टवेअर असतं. त्याला आधी नुसत्या खोलीचा आवाज ऐकवायचा, मग तो आवाज ते सगळ्या गाण्यातून पुसून काढतं. मी नेहमी गाणं सुरू होण्याआधीचे पाच सेकंद देतो. पण तंबोरा काही गाण्याबरोबर सुरू होत नाही. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबायच्या आधीपासूनच आई वाजवत होती. तंबोऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे कळू नये! मी सॉफ्टवेअरला सांगितलं, हा तंबोरा म्हणजे कचरा. त्याने तो इमानदारीत साफ केला. मी न ऐकताच सेव्ह केलं आणि जागा वाचवायच्या माझ्या जुन्या खोडीपायी मूळ फाईलही उडवली. जेवून येऊन ऐकलं तर माझा एकटाच आवाज.

दोन दिवस मी तोंड चुकवत हिंडलो. मोबाईलवरचा तंबोरा घालून वेळ मारून न्यावी, असंही मनात आलं. पण आईने तो दोन सेकंदांत ओळखला असता. तिसऱ्या दिवशी ती मटार सोलत होती, तेव्हा सगळं सांगून टाकलं.

तिने हातातली शेंग सोलून संपवली आणि म्हणाली, "गेलं ते बरंच झालं. खर्जाची तार उतरली होती."

"तुला कळलं होतं? मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू पुन्हा वाजव म्हणाला असतास. आणि दुसऱ्यांदा बोटांनी नाही म्हटलं असतं, तर?"

मला स्वतःची लाज वाटली. महिनाभर मी माझ्या गाण्याच्या काळजीत होतो, आणि ती सहा मिनिटं जीव मुठीत धरून माझ्या शेजारी बसली होती.

"राहू दे," मी म्हणालो. "हे गाणं तंबोऱ्याशिवाय करतो."

"तंबोऱ्याशिवाय? मग तू सुरात कसा राहणार?" म्हणत तिने मटार माझ्याकडे सरकवले आणि ती गच्चीवर गेली.

त्या दुपारी चौथ्या मिनिटाला तिचं बोट अडलं. तिने हात झटकला आणि म्हणाली, "पहिल्यापासून." पुन्हा अडलं, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी गाणं पार पडलं. या खेपेला मूळ फाईल मी तीन ठिकाणी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या तेलुगू काकू पेरंटाचं, म्हणजे त्यांच्या हळदीकुंकवाचं, बोलावणं घेऊन आल्या. दुपारी तीनला नक्की या म्हणाल्या. आई दारात उभी राहून बोटांना तेल चोळत होती.

"नक्को अम्मा," ती म्हणाली, "आज मेरी रिकार्डिंग है."

दुसऱ्या गाण्याचं मी तिला अजून विचारलंही नव्हतं.