बिनतयारीची तारीख

माझ्या ताईचे सासरे, म्हणजे सगळ्यांचे सर, तयारीशिवाय शिंकतसुद्धा नसतील, असं भिवंडीच्या निजामपुऱ्यात कोणीही शपथेवर सांगेल. उभी नोकरी त्यांनी तिथल्या शाळेतल्या मुलांना स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर मुलं उरली नाहीत, तेव्हा ते घरातल्यांना बसवू लागले. पडघ्याला लग्नाला जायचं तर तिथे कोण काय विचारेल आणि आपण काय सांगायचं, याची आदल्या संध्याकाळी उजळणी होई. दाताच्या डॉक्टरकडे जाण्यापूर्वी ते आरशासमोर आ वासून बसत. रिक्षात बसले की पत्ता, पर्यायी रस्ता आणि तोही खोदलेला असेल तर काय, हे एका दमात सांगत. "सर, आप ही चला लो," असं एका रिक्षावाल्याने हँडल सोडून म्हटलेलं मी ऐकलं आहे.

त्यांची नात मनू, म्हणजे ताईची मुलगी, चार वर्षांची झाली तरी हाकेला वळत नव्हती. बोले ती टीव्हीवरच्या जाहिरातींची वाक्यं. बालवाडीच्या बाईंनी ऑटिझमची तपासणी करून घ्यायला सांगितलं. जवळपास ती करणारं कोणी सापडेना. शेवटी मुंबईतल्या एका रुग्णालयात नाव लागलं, पण तारीख कित्येक महिन्यांनंतरची मिळाली. ताई रडली. सर मात्र खुलले.

"एवढा वेळ मिळतोय, सूनबाई. पहिली येईल."

"बाबा, ती परीक्षा नाहीये."

"नंबर देतात, आत बोलावतात, प्रश्न विचारतात. मग आणखी काय असतं?"

दुसऱ्याच दिवशी गॅलरीत खुर्च्या मांडून त्यांनी ओपीडी उभी केली. डॉक्टर तेच. नाव काय, वय किती, हा रंग कुठला, डोळ्यांत बघ, बॉल दे. प्रत्येक उत्तराला राजगिऱ्याच्या चिक्कीचा तुकडा. मनू हळूहळू सगळं शिकली. पोरगी बोलतेय म्हटल्यावर ताईनेही विरोध सोडला.

तपासणीच्या दिवशी मीही सोबत होतो. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी काही न विचारता जमिनीवर खेळणी पसरली. मनू त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली, डोळ्यांत डोळे रोवले आणि म्हणाली, "मनू. चार. लाल. पिवळा. थँक्यू डॉक्टर." मग खाऊसाठी हात पुढे केला. डॉक्टरांनी बाहुली दाखवली, फुगा फुगवला, तरी तीच उत्तरं त्याच क्रमाने आली. शेवटी मनू कान दाबून टेबलाखाली शिरली ती बाहेर येईना.

"हिला कोणी शिकवलं?"

सरांनी हात वर केला.

"आजोबा, आज मला तुम्हीच दिसलात, मनू दिसली नाही," डॉक्टर सौम्यपणे म्हणाल्या. "परत या. मधल्या काळात काही शिकवू नका. ती आपणहून काय करते, ते बघून मला सांगा."

पुढची तारीख पुन्हा तेवढीच लांबची. अहवाल हातात येईपर्यंत थेरपीच्या वर्गात मनूला जागा नव्हती.

आता सर दिवसभर मनूजवळ बसून न शिकवण्याचा सराव करतात. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात. "फार अवघड विषय आहे हो हा," मला म्हणाले, "उगाच तोंड उघडतं." पण बघता बघता त्यांना कळलं की मनू दिवसातला बराच वेळ मागच्या भिंतीला तळवा लावून उभी असते. भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आहे, आणि लूम चालू असले की भिंत थरथरते. पूर्वी ते तिला तिथूनच ओढून अभ्यासाला बसवत.

गेल्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा लूम बंद होते. मनू तरीही भिंतीपाशी उभी होती, आणि सर तिच्या शेजारी, तसाच तळवा टेकवून.

"आज बंद आहे, हे तिला कळत असेल का?" मी विचारलं.

"विचारायचं नाही," ते हळूच म्हणाले. "बघायचं."

मनू काही वळली नाही. सर तसेच उभे राहिले.