चक्कर खरी होती

"बस, थांबवा मशीन," डॉक्टर म्हणाल्या. ट्रेडमिलचा पट्टा पायाखाली मंदावला आणि नर्सने मला धरून खाटेवर आडवं केलं. मशीनमधून कागद निघतच होता. डॉक्टरांनी तो माझ्यासमोर धरला. एक ठोका वर, एक खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"शोभाताई, तुम्हाला फिट येत नाही आणि हे टेन्शनही नाही. हे हृदयाच्या तालाचं दुखणं आहे. असंच चालू राहिलं असतं तर एखाद्या दिवशी पडला असतात आणि पुन्हा उठला नसतात."

अशा वेळी माणसं रडतात म्हणे. मला आनंद झाला. मी म्हटलं, "हे मला लेखी द्या."

"रिपोर्ट मिळेलच की."

"तसं नाही. मोठ्या अक्षरात लिहा, बाई नाटक करत नव्हती."

त्यामागचं कारण सांगते. मी जुन्या ऑफिस फर्निचरचा धंदा करते. हिंजवडीतली एखादी कंपनी जागा बदलते, तेव्हा तिची टेबलं आणि फिरत्या खुर्च्या आम्ही लॉटने उचलतो. बिबवेवाडीच्या गोडाऊनमध्ये त्या दुरुस्त करतो आणि सदाशिव पेठेतल्या क्लासवाल्यांना विकतो. कंपनीच्या साहेबांना इंग्रजी येतं, मला भाव कळतो. आजवर कुणाचं अडलं नाही.

हा धंदा मी आणि माझ्या थोरल्या भावाने, दादाने, हातगाडीवरून सुरू केला. वाटणीच्या बैठकीत गोडाऊनवरून आवाज चढला आणि मी बोलता बोलता कोसळले. गोडाऊन मला मिळालं. मी पडायच्या आधीच वाटणी करायला बसलेल्या आमच्या मामांनी माझ्या बाजूने मान हलवली होती, पण दादाला तेवढं पडणंच दिसलं. 'शोभी चक्कर येऊन गोडाऊन घेऊन गेली,' असं त्याने बाजारभर केलं. मी जे बोलून मिळवलं, ते पडून मिळवल्याचं झालं. माझं नावच 'चक्करवाली' पडलं. दादाशी बोलणं मी बंद केलं.

पुढेही मी पडत राहिले. एका डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला, दुसऱ्यांनी फिटच्या गोळ्या सुरू केल्या. तिसरे म्हणाले, या वयात बायकांना होतं असं. दर वेळी ईसीजी स्वच्छ, इको स्वच्छ. का नसतील? मी टेबलावर शांत पडलेली असायचे. शांत पडलेल्या शोभाला तपासून काय कळणार?

या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "चक्कर येते तेव्हा काय करत असता?"

"भांडत."

"आणि?"

"नाहीतर जिना धावत चढत."

म्हणून ट्रेडमिल.

आजाराचं नाव एका दमात घेता येत नाही, कॅटेकोलअमिनर्जिक पॉलिमॉर्फिक व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. डॉक्टर सीपीव्हीटी म्हणतात. मला समजलं ते असं. हृदयाच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचं एक कोठार असतं. ठोक्याचा हुकूम आला की दार उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं, पेशी आकसते. मग कॅल्शियम परत आत जातं आणि दार बंद होतं. हे दार म्हणजे रायनोडिन रिसेप्टर नावाचं प्रोटीन. कॅल्शियम आत धरून ठेवणारं दुसरं प्रोटीन असतं, कॅलसेक्वेस्ट्रिन. माझ्या दाराची कडी जन्मापासून सैल. एरवी ती टिकते. राग आला किंवा धावले की अॅड्रेनलिन वाढतं, कोठार काठोकाठ भरतं आणि हुकूम नसताना कॅल्शियम गळतं. त्यातून भलतेच ठोके सुरू होतात. ते फार वेगाने आले की मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस कोसळतो.

मी रिपोर्ट पर्समध्ये टाकत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "वडील कसे गेले?"

"विहिरीत. पट्टीचे पोहणारे होते, तरी बुडाले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे जीनमधून येतं. भावालाही असू शकतं. त्याला मुलं आहेत?"

एक मुलगी, मुक्ता. कॉलेजच्या संघात कबड्डी खेळते. काही महिन्यांपूर्वी मैदानावर पडली होती. उपाशीपोटी खेळली म्हणून, असं कानावर आलं होतं.

मी दादाच्या तोंडावर फेकायला तो कागद घेतला होता. आता तोच कागद घेऊन त्याच्यापुढे गयावया करायची होती.

मी त्याच्या दुकानात शिरले तसा तो म्हणाला, "या! आज काय घ्यायला पडणार?"

जीभ शिवशिवली. पण गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि ओरडायची मनाई होती. हळू आवाजात म्हटलं, "दादा, बाबा पोहताना गेले. मी भांडताना पडते. मुक्ता खेळताना पडली. जरा जुळवून बघ."

"ती जेवली नव्हती."

"मग तिला एकदा ट्रेडमिलवर चढव."

"तुझं ऐकून? शोभे, हा नवा डाव आहे."

"बरं, सौदा करू. तिच्या कागदावर काही निघालं नाही, तर गोडाऊन मी नाटक करून घेतलं असं बाजारात सांगेन."

त्याने मान वर केली. "मामांसमोर?"

"मामांसमोर."

दादाही शेवटी धंदेवाला. असा सौदा कोण सोडतो?

तपासणीच्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा सौदा हरायची प्रार्थना करत होते. मुक्ता पट्ट्यावर धावू लागली. डॉक्टर तिच्या शेजारीच उभ्या होत्या. कागद स्वच्छ येत होता. वेग वाढला, तरी स्वच्छ. मामांसमोर काय बोलायचं ते मी खुशीत जुळवायला लागले. आणि मग एक ठोका वर, एक खाली.

"थांबवा," डॉक्टर म्हणाल्या.

"आत्या, आत्ता कुठे मजा येत होती," मुक्ता धापा टाकत म्हणाली.

सौदा मी जिंकले होते. दादा भिंतीला टेकून उभा होता. माझा कागद मी त्याच्या हातात दिला. त्याने तो मुक्ताच्या कागदाशेजारी धरून पाहिला.

कँटीनमध्ये चहा आल्यावर दादा म्हणाला, "म्हणजे तू तेव्हा खरंच पडली होतीस."

"छे. गोडाऊनसाठी."

त्याला हसू आलं, मग डोळे पुसायला रुमाल शोधत बसला. बिस्किटांची बशी मात्र माझ्याकडे सरकवली. माफी त्याने आजतागायत मागितलेली नाही, हे इथे लिहून ठेवते.

पुढे रक्ताच्या तपासणीत दादामध्येही तोच दोष निघाला. आता तिघांनाही बीटा-ब्लॉकरची गोळी आहे. ती अॅड्रेनलिनचा जोर हृदयापर्यंत पोचू देत नाही. मुक्ताची कबड्डी सुटली. ती खूप रडली, आमच्यावर चिडली. आता मैदानाबाहेर बसून संघाला डावपेच सांगते आणि फारशी चुकत नाही. मी घासाघीस हळू आवाजात करते. समोरचा ऐकायला पुढे वाकतो आणि वाकलेला माणूस भाव लवकर सोडतो. हे आधी कळायला हवं होतं.

तुमच्या घरात कुणी धावताना, पोहताना किंवा भांडताना पडत असेल, तर स्वच्छ ईसीजीवर समाधान मानू नका. पडण्याआधी काय चाललं होतं, ते डॉक्टरांना सांगा. गोळी सुरू झाली तर ती एक दिवसही चुकवू नका. आणि भावंडांशी अबोला असला तरी एवढं सांगण्यापुरता मोडा.

त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, म्हणून आम्ही तिघं आहोत.

रोज सकाळी दादाचा फोन येतो. "गोळी घेतलीस का, चक्करवाले?"

"घेतली. मुक्ताने?"

"माझ्यासमोर."

"आणि तू?"

इथे तो नेहमी विषय बदलतो. उठून गोळी घेतल्याचा, वर पाणी प्यायल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन ठेवत नाही.