धुराड्यावरची कणीक

कणकेचा गोळा हातात आला की बाईला वाटतं, जगातलं कुठलंही भोक आपण बुजवू शकतो. हंडीचं झाकण कणकेनं लिंपून ज्यांनी कधी कोंबडी शिजवली असेल, त्यांना ही मस्ती ठाऊक आहे. मला ती जरा जास्तच होती. त्या भरात एकदा मी शेजाऱ्यांच्या पेटीचं धुराडं बुजवून टाकलं. तेव्हा मी तशी कोवळीच होते. पासष्टीची.

शेजाऱ्यांना आमच्या भूगावच्या गल्लीत सगळे फोरमन म्हणत. मूळचे भरे गावचे, पिरंगुटच्या एका कारखान्यात भट्टीवर जन्म गेलेला. गरम वस्तू दिसली की तिच्याजवळ उलटा तळहात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "आच बसू द्या, वहिनी. घाई न्हाई." चहाच्या कपालासुद्धा हीच परीक्षा. एकदा माझ्या तापानं फणफणलेल्या नातीच्या कपाळाजवळ हात धरून त्यांनी निकाल दिला होता, "उतरतोय." आणि काय सांगू, उतरला!

त्यांची बायको मुळशी धरणाकाठची. माहेरी चुलीवर मासे टांगून धुरावायचे, तेच खाऊन वाढलेली. तिला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दोघांनी धरून उठवलं तर कशीबशी उभी राहायची. गॅसवरचा मासा पुढे केला की तोंड फिरवायची.

"तिला धूर पायजे," फोरमननी ठरवलं. आणि मोबाइलवर बघून मासे धुरावर शिजवायचा एक स्वस्तातला स्मोकर मागवला. ते त्याला पेटीच म्हणायचे.

पेटी कसली, तीन पायांचं पत्र्याचं पिंप ते! झाकण सैल, पत्रा पातळ. कोळसा एक तर भडकायचा नाही तर विझायचा. पहिला मासा असा निघाला की वहाणेला तळ म्हणून लावता आला असता. आणि त्या माउलीला तर धड चावताही येत नव्हतं. तिला मासा लोण्यासारखा मऊ हवा, म्हणजे आच मंद हवी आणि दुपारभर एकसारखी हवी.

मग माणूस पेटला. भट्टीच्या दाराला लावतात ती न जळणारी दोरी आणून झाकणाच्या कडेला बसवली. खालच्या भोकांवर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून सरकती झडप केली. निखारा आणि मासा यांच्यामध्ये मातीचं परळ, त्यावर पाण्याची थाळी. झाकणावरच्या तापमापकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ह्यो झाकणाचं सांगतो, माशाचं न्हाई," म्हणून दुसरा आणून माशाच्या बरोबरीनं लावला. वरचं धुराडं मात्र सताड उघडं. "धूर हिंडता पायजे, वहिनी. कोंडला की कडू हुतो."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी मानही डोलावली होती. तेव्हा मी मान फार सुरेख डोलवायची, ऐकायची नाही.

दर रविवारी धूर. आमच्या सूनबाईच्या ऑफिसच्या कुडत्यांना सुक्या बांगड्याचा वास. "आई, तुम्ही त्यांना काही बोलत का नाही?" ती चिडायची. मी काय बोलणार? मी तर मधल्या भिंतीवर कोपरं टेकून मिटक्या मारत उभी.

एका रविवारी दोन्ही काटे एका जागी स्थिर झाले. फोरमन लहान मुलासारखे हसत होते. नेमकी बायकोची गोळी संपली होती. "घेऊन येतो. नुसतं बघा, हात लावू नका," असं मला बजावून ते गेले.

मी बघत होते. धुराड्यातून निळसर धूर बारीक धारेनं चालला होता. आंब्याच्या लाकडाचा, इतका गोड वास. सगळा आभाळात! माझा जीव हळहळला. घरात पोळ्यांची कणीक भिजवलेली होतीच. गोळा आणला, फाटक ढकलून आत गेले, धुराडं लिंपलं. वर दोन बोटांनी चिमटे काढून छान मुरड घातली. काम फत्ते करून घरी जाऊन आडवी झाले.

जाग आली ती फोरमनच्या हाकेनं. विस्तव गुदमरून विझलेला, मासा काळा आणि कडूजहर. त्यांच्या हातात माझा वाळलेला गोळा. मी माफीची वाक्यं जुळवत भिंतीशी गेले, तर ते हसत होते. डोळ्यांत पाणी.

"वहिनी, तुमचा डोळा लागला आन् ही उठली हुती! सैपाकघरातनं कणीक घेतली, अंगणात आली आन् धुराडं लिंपून गेली. मुरड बघा! मी इचारलं, तू लावलंस? तर हसली."

ती तर कशालाही हसायची. मला माहीत होतं. त्यांनाही माहीत असणार.

माफीची वाक्यं मी गिळून टाकली. म्हटलं, एवढा आनंद कशाला हिरावून घ्या? स्वतःच्या मोठ्या मनाचं मला केवढं कौतुक वाटलं! आता आठवलं की माझ्यातल्या त्या बाईला भिंतीवरून खाली ओढावंसं वाटतं.

कारण दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला. आधी लाडीगोडी, "ऊठ की गं, काल उठली हुतीस." पेटीजवळ तिच्यासाठी खुर्ची मांडलेली. मग चढा सूर, "नाटकं करती का? तवा बरी उठलीस!" ती खाटेवरून नुसती बघत राहायची. मी दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेले. दोनदा 'साखर आहे का' विचारून परत आले. घरात डबाभर साखर होती.

पुढे मासा जमला. बोटानं दाबला तरी सुटावा असा. तिनं खाटेवरच चार घास खाल्ले, डोळे मिटून. फोरमन रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "हितवर आली असती तर काय बिघडलं असतं?"

त्यानंतर तिला दुसरा झटका आला, आणि ती गेली.

फोरमनही आता इथे नाहीत, मुलीकडे राहायला गेले. जायच्या आधी पेटी भंगारात निघाली होती. दोरी, झडप, परळ, सगळं त्यांनी शांतपणे सुटं केलं. मी बाजूला उभी.

"माझ्यावर रुसून गेली ती, वहिनी," ते म्हणाले. "येकदा उठली, पर माझ्यासाठी म्हणून पुन्यांदा उठली न्हाई. कशाचा राग धरला, कळंना."

हे मात्र मला ऐकवेना. मी सांगून टाकलं. कणीक माझी, मुरड माझी, ती जागची हललीही नव्हती. वाटलं, निदान एवढं ओझं तरी उतरेल.

त्यांनी हातातली झडप भंगारावर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी तिला उठताच येत नव्हतं. आन् मी रोज तिच्यावर वरडत हुतो."