पिंजऱ्यातल्या मनुका

हिवतापाच्या ऑफिसात किस्से जमायला वेळ लागत नाही. पाणी थांबलं की डास होतात आणि चार माणसं चहाला थांबली की किस्सा! मी नागपूरहून बीएस्सी होऊन चांद्याच्या युनिटात लागले, तेव्हा पाल चुकचुकली तरी दचकायचे. त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच आले.

पहिल्यांदा खटकलं ते अगदी क्षुल्लक होतं. डाव्या पिंजऱ्यातल्या मनुका कमी झाल्या होत्या.

आम्ही जाळीच्या दोन पिंजऱ्यांत डास पाळत होतो. डावीकडे निरोगी, उजवीकडे रोगी; रोगी पिंजऱ्याच्या काठाला लाल चिंधी. दोन्हीकडे बशीत भिजवलेल्या मनुका, कारण रक्त फक्त मादी पिते, तेही अधूनमधून. एरवी सगळे गोडावर जगतात. पण डास मनुकेचा रस चोखतो, मनुका पळवत नाही!

मी युनिटचे प्रमुख डॉक्टरसाहेब यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, मनुका राहू द्या, रक्ताच्या स्लाइडी बघा.

*

उजव्या पिंजऱ्याचे जनक म्हणजे मोहर्लीचे लक्ष्मणभाऊ. त्यांचा ताप उतरला होता, पण रक्तात अजून चंद्रकोरीसारखे जंतू होते. डासाला लागण होते ती याच चंद्रकोरींनी. लक्ष्मणभाऊंनी पिंजऱ्याला शिवलेल्या कापडी बाहीतून आत हात घातला, डासांना पोटभर पाजलं आणि मग आमच्या गोळ्या घेऊन बरे झाले.

पुढच्या बाजाराला ते पुन्हा हजर. "कसे आहेत लेकरं?"

मी दचकून विचारलं, कोणाची?

"माह्या रक्तावर वाढून राह्यले बाई. मंग माह्येच ना!"

त्यानंतर दर बाजाराला ते पिंजऱ्यापुढे उकिडवे बसून डासांची विचारपूस करायचे.

*

एकदा डॉक्टरसाहेब गावात भाषण द्यायला गेले, मी सोबत. रोगी माणसाचं रक्त डास पितो, जंतू त्याच्या पोटात वाढतात, दहाबारा दिवसांनी लाळेत येतात आणि चावताना दुसऱ्या माणसात उतरतात, असं त्यांनी छान समजावलं. एक म्हातारी उठली.

"म्हंजे मच्छराले पहिले बीमार कोनं पाडलं?"

साहेब म्हणाले, माणसानं.

"मंग त्याच्या घरी जाऊन कोनी भाषन देलं का?"

साहेबांनी भाषण तिथंच आटोपतं घेतलं.

*

मग फवारणीवाल्यांचा किस्सा. नवी टोळी आली होती आणि एकही खोली सोडायची नाही अशी सक्त ऑर्डर. त्यांनी पंप थेट आमच्या डासखोलीकडे वळवला! मी दारात दोन्ही हात पसरून उभी राहिले.

वरोऱ्याचे रहीमभाऊ आमचे कंपाउंडर. ते टोळीवाल्यांना म्हणाले, "पूरे जिल्ह्यात मच्छर माराले लोक ठेवले, अन् आमच्या बाई त्यायची राखन करून राह्यल्या. सरकारचं काम आहे भाऊ, समजत नाई."

तेवढ्यात शिपाई सोमाभाऊंनी दोन्ही पिंजरे उचलून गोठ्यात पळवले आणि टोळी गेल्यावर परत आणून ठेवले. नेमके उलटे. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

दुसऱ्या दिवशी डावीकडच्या पिंजऱ्यातल्या मनुका पुन्हा कमी झाल्या. मी काठावरची लाल चिंधी पाहिली आणि माझ्या हातातली बशी खाली पडली. चिंधी रोगी पिंजऱ्याची होती. लक्ष्मणभाऊंची लेकरं ऐन पिकलेली, म्हणजे लाळेत जंतू उतरलेली होती, आणि कोणीतरी त्यांच्यात कोपरापर्यंत हात घातला होता!

*

मी सांगताच साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. ते इतके लालबुंद मी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, "पिंजऱ्यात हात घालणाऱ्याची नोकरी गेलीच समजा."

झालं. आता कोण कबूल होणार?

मला नोकरीचं नव्हे, त्या माणसाच्या जिवाचं भय होतं. हा डोक्यात चढणारा ताप. चावल्यावर जंतू आधी यकृतात दडून बसतो, तिथं आमच्या गोळ्यांना तो सापडत नाही. रक्तात उतरला की हुडहुडी भरते, आणि तेव्हा उशीर करून चालत नाही. आपल्याला चावलंय हे ज्यानं लपवलं, तो तापही लपवणार.

माझा सोमाभाऊंवर संशय. रोज सकाळी मी त्यांचं कपाळ तपासायचे.

"बाई, मले मनुका आवडतच नाई. घरी बायको पुसून राह्यली, बाई रोज कपाळाले हात काऊन लावते म्हनून!"

मग मी रहीमभाऊंकडे वळले. ते म्हणाले, "मी तर मच्छराचं उष्टं खात नाई."

*

दोनेक आठवडे गेले. ऑक्टोबरचा उकाडा, घामानं स्लाइडी हातातून निसटत होत्या. त्या दिवशी साहेब ऑफिसात आले नव्हते. दौऱ्यावर असतील, असं सगळे म्हणाले. सोमाभाऊ ठणठणीत, रहीमभाऊ ठणठणीत. माझा धीर सुटला. गोळ्यांची बाटली घेऊन मी अंगणाच्या मध्यात उभी राहिले आणि जन्मात काढला नव्हता एवढा आवाज काढला.

"ज्यानं मनुका खाल्ल्या असतील त्यानं पुढं यावं! मी नाव सांगणार नाही!"

सोमाभाऊ रहीमभाऊंकडे बघू लागले, रहीमभाऊ आभाळाकडे.

"अहो, जीव जाईल! नोकरी जाणार नाही, मी साहेबांच्या पाया पडेन!"

तेव्हा अंगणापलीकडच्या साहेबांच्या क्वार्टरची खिडकी करकरली. आत भर दुपारी खिडकीलगतच्या खाटेवर कांबळ्यांचा ढीग थरथरत होता. त्याखालून, दात वाजवत, डॉक्टरसाहेबांचा आवाज आला:

"बाई... नक्की जाणार नाही ना?"