पॉइंटांवर आलेली लेक आणि अरूचं जावळ

सगळ्यात आधी आली ती शेजारची रखमाक्का. जीपमधून बॅगासुद्धा उतरल्या नव्हत्या, तोवर बाई कमरेवर हात ठेवून दारात हजर. "काय गं, तुझा जावई इमानाचं तिकीट फुकट काढून आला म्हनं? म्हनून लेकीला पितरपाटात आनली व्हय?"

मी म्हटलं, "अगं, आधी नातवाला बघ तरी."

तर त्याच्याकडं बघून म्हणते, "नातू कुटं? ही पोरगी कुनाची? लई ग्वाड हाय!"

तिची चूक नव्हती. अरूचे केस खांद्याच्या खाली आलेले. तिसरं वरीस चालू, अजून जावळ काढलेलं नाही. आमच्यात पहिलं नाहीतर तिसरं, विषम वर्षात काढतात, बापाच्या कुळाच्या देवापुढं, मामाच्या मांडीवर. पहिलं वरीस तिकडं अमेरिकेतच गेलं. तिसरं वैशाखात सरणार. माझा जीव त्यातच अडकलेला, आणि ही मंडळी आली ती पितरपाटात, जेव्हा कुठलंच शुभकार्य करत नाहीत!

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण मंदा म्हणाली, "आई, असल्या तिकिटाचं लोक लई विचारतात. तू लिही, मी टायपून इंटरनेटवर टाकते." म्हणून लिहितेय. मंदा माझी लेक, सुधीर जावई, बाळू माझा मुलगा. आम्ही अवसरी बुद्रुकचे, सुधीररावांचं गाव आळेफाट्याच्या पुढं.

बाळू त्यांना आणायला जीप घेऊन मुंबईला गेला होता. कल्याणवरून माळशेज घाट, आळेफाटा, नारायणगाव, मंचर असा रस्ता. पावसाच्या शेवटाला त्या घाटात धबधबे रस्त्यावरच पडतात. मंदानं म्हणे गाडी थांबवून तोंडावर पाणी घेतलं आणि रडली. बाळूनं मला हळूच सांगितलं. मी तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरच्या आहुप्याला निघालो. मंचरला शेठच्या दुकानात गूळ घ्यायला थांबलो. शेठ जैन, घराणं राजस्थानातलं, पण बोलणं आमच्याहून पक्कं मंचरी. दुकानात चिटपाखरू नव्हतं. सुधीररावांना खुर्ची दिली आणि लागले विचारायला.

"जावईबापू, ते क्रेडिट कार्डाचं काय म्हनत्यात? खर्चावर पॉइंट जमत्यात, बँक त्याचा मिक्सर देती ना?"

"देते की. पण त्यात पॉइंट वाया जातात, शेठ. तेच विमान कंपनीच्या, तिकिटालाच चालणाऱ्या मैलांत फिरवले, की लांबच्या तिकिटाला दुपटी-तिपटीनं कामाला येतात."

"मंजी कांदा बांधावर इकायचा न्हाई, लांबच्या मार्केटला न्यायचा."

"बरोब्बर! पण तिथं गाळा मोकळा आहे का, ते आधी बघायचं, मग गाडी भरायची. एकदा मैल केले की त्यांचे परत पॉइंट होत नाहीत. म्हणून शीट आधी हेरायची, कंपनी धरून ठेवत असेल तर फोन करून धरायची, मगच फिरवायचे. कधीकधी बँक वर जादा मैलांचा चढावा देते, तो बघून फिरवले तर आणखी बरं."

"आन गाळा मोकळा कवा असतो? पितरपाटात! माज्या दुकानागत!" शेठ स्वतःच एवढे हसले की गुळाचा काटा हलला.

सुधीरराव मात्र कानकोंडे झाले. मला म्हणाले, "आई, दिवाळीच्या शिटा मी वर्षभर शोधल्या हो. सणाला पॉइंटवाल्यांना देतच नाहीत. आणि रोख तिघांची तिकिटं घ्यायची, तर आणखी दोन वर्षं येणं झालं नसतं."

मी म्हटलं, "आलात ना? बास." पण मनात होतंच.

तुम्हाला आहुप्याला जायचं असलं तर गाडीत तेल घोडेगावलाच भरा आणि भाकरी घरून न्या. वर हॉटेल नाही. डिंभ्याच्या धरणाच्या कडंकडंनं रस्ता जातो, खड्डे मोजायच्या भानगडीत पडू नका, पाण्याकडं बघा. आम्ही बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा नेला होता. वर कड्यावर उभं राहिलं की खाली सगळं कोकण, आणि ढग आपल्या पायाखालनं जातात. अरू म्हणाला, "आजी, आपण विमानात आहोत?" मी कधी विमानात बसले नाही, तरी म्हटलं, "व्हय, आपल्याच गावचं इमान हाय."

तिथली देवराई तर बघाच. आत भर दुपारी अंधारलेलं. देवाचं रान म्हणून वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. मंदा माझा हात धरून चालली. लहानपणी बाजारात धरायची तसाच, करंगळीला. तिचा हात खरखरीत झालाय. तिकडं भांडी मशीन घासतं म्हणते, मग हात असा कशानं? हेही विचारलं नाही. थोडे दिवस असले की विचारायचं राहूनच जातं.

तिसऱ्या दिवशी ह्यांची तिथी होती. हे गेले तेव्हा मंदाला येता आलं नव्हतं. आता तिनं स्वतः वडे तळले, खीर केली, कौलावर घास ठेवला. "दादा, मी आलेय," एवढंच बापाला म्हणाली. रखमाक्का बघत होती, तिनंही हात जोडले. दिवाळीला आली असती तर हे झालं नसतं, हे मला मानावं लागलं.

चौथ्या दिवशी सुधीररावांच्या खंडोबाला गेलो. वाटेत आळेफाट्याला मासवडीचं ताट खाल्लं. रस्सा इतका झणझणीत की सुधीररावांच्या डोळ्यांतनं धार. बाळू म्हणतो, "दाजी, अमेरिकेनं बाटवलं तुमाला!" तिथं खायचं असलं तर बाराच्या आत पोचा, नंतर जागा मिळत नाही.

टेकडीवर बाळूनं अरूला खांद्यावर घेऊन नेलं. दर्शन झालं. गुरव म्हातारा, मायाळू. सगळं ऐकून म्हणाला, "पितरपाटात जावळ काडत न्हाईत, आजी. पन पावनं लई लांबनं आल्यात. एक बट कापून देवाला देऊ, बाकीचं तिकडं काडा. द्येव काय कोपायचा न्हाई."

सुधीररावांचा चेहरा उजळला. "बघा आई, काम होऊन जाईल. तिकडं सगळे त्याला मुलगीच समजतात."

बाळू तर मांडी घालून बसलासुद्धा, अरू मांडीवर. गुरवानं कात्री काढली. मंदा माझ्याकडं बघायला लागली.

आता खरं सांगते. मंदे, हे टायपताना हसू नकोस. मला पितरांची भीती नव्हती. देव कोपायचा नाही हे मलाही ठाऊक होतं. मला वाटलं, ही बट पडली की काम संपलं. मग कशासाठी येतील? पुढं शाळा, नोकरी, घराचे हप्ते. पॉइंट जमतील आणि तिकडच्याच कुठल्यातरी समुद्रावर फिरायला खर्चून टाकतील. मी तरी काय म्हणणार?

"न्हाई," मी म्हटलं. "काढायचं तर पुरतं काढायचं. चैत्रात, हलगी लावून."

"आई, एवढ्यात परत? पॉइंट तिघांचे पुरायचे नाहीत."

"अहो, मग जमवा की!" मंदा म्हणाली. "माझ्या माहेरी यायचं म्हणून पुरत नाहीत का?"

गुरव हसला, बाळू हसला. सुधीरराव देवाकडं बघत म्हणाले, "खंडोबा, तूच जामीन राहा." कात्री परत पिशवीत गेली. मंदानं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. तिला कळलं होतं बहुतेक.

पाचव्या दिवशी गेले.

आता लोक विचारतात, फुकटात आले तर काय मिळालं? एक तर पुरतं फुकट नसतं, विमानाचा कर भरावाच लागतो. आणि कार्डाचं महिन्याचं बिल महिन्याला सगळं भरलं तरच यात राम, व्याज चढलं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माझ्याकडं राहिला तो अरूच्या केसांचा लाल रबर, उशीखाली सापडला. आणि रखमाक्काची चौकशी: "कवा येनार गं आता?" ती रोज विचारते, मी रोज सांगते. मला सांगायला आवडतं.

काल फोन आला. सुधीररावांनी चैत्रातल्या दोन शिटा हेरून धरल्यात, मंदाची आणि अरूची. तिसरी अजून दिसत नाही. म्हणाले, "आई, मी नाही आलो तरी जावळ थांबवू नका. मामा आहे ना." मी म्हटलं, "तुमचा द्येव हाय, तुमीच पायजे. बघत ऱ्हावा."

दोघं येतात की तिघं, ते कळेल. यायचा दिवस ठरलाय: रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या विमानानं.