खोडे मॅडम आन् आमच्या घरचा फॉर्म

मी आठवी नापास, सध्या सुरतेत साडीच्या कारखान्यात. खोडे मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांच्या गौरव अंकासाठी लिही, असा आमच्या गावाहून, फुलसावंगीहून निरोप आला. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मॅडमची पहिली भेट तालुक्याला, महागावची. मनाच्या आजारावरचे उपचार खेड्यातल्या घरापर्यंत कसे पोचतील, या संशोधनासाठी त्यांना अनुदान मिळालं होतं. घरोघर विचारपूस करायला गावचीच पोरं हवी होती. शिक्षण ऐकून मॅडम हसल्या नाहीत. "लोकाइच्या घरी चहा भेटते का तुले?"

"भेटते."

"मंग ये उद्यापासून."

अख्खं गाव मी पालथं घातलं. झोप येते का, कोणी एकटंच बसून राह्यते का, सारं खरं लिहिलं. आमच्या घरचा फॉर्म मात्र ओसरीवर बसून एकट्यानंच भरला, सगळीकडे 'नाही'. माझा मोठा भाऊ गजाननदादा तेव्हा खोलीबाहेर निघत नव्हता, अन् बहिणीची सोयरीक चालू होती. त्यामुळे उपचाराच्या यादीत दादाचं नाव आलंच नाही. वर्ष वाया गेलं.

शेवटी आईनंच मॅडमना सांगितलं. मला वाटलं, आता हाकलतात. त्या म्हणाल्या, "काहून लपवलं, समजते मले. तुह्याच घरचा फॉर्म तुले द्याले नोको होता, हे माह्या ध्यानात आधी याले पाह्यजे होतं."

अनुदान देणाऱ्या संस्थेची माणसं त्याच आठवड्यात येणार होती. कार्यालयातले सर म्हणाले, "मॅडम, हे सांगसान तं पुढचा पैसा बंद होईन." मॅडमनी सांगितलंच, चूक स्वतःवर घेऊन. शेजारच्या गावची माणसं पाठवून सारे फॉर्म पुन्हा भरायला त्यांनी वाढीव पैसाही मागितला. मंजुरीला चार महिने लागले. तोवर यादीत नाव नसताना त्या दादाकडे येत राहिल्या.

गौरव अंकात असं लिहीत नसतात, पण मी मॅडमवर जळतो. दादाच्या खोलीच्या दारात दीड वर्ष मी ताट ठेवलं, दादा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मॅडम तिसऱ्यांदा आल्या, उंबऱ्यावर बसून आईसोबत तुरीच्या शेंगा सोलत होत्या, तर आतून आवाज आला, "मॅडम, किडके दाणे टाकून राह्यल्या तुमी त्याच्यात." आई रडली. मी बाहेर निघून गेलो. पुढच्याच महिन्यात सुरत गाठली. गाव म्हणतं, पोटासाठी गेला.

आता दादा स्वतःच शेजारच्या गावात फॉर्म घेऊन फिरतो. फोनवर अर्धं बोलणं मॅडमचंच. परवा मी चिडलो, "अबे, भाऊ मी आहो का मॅडम?"

"मॅडम ऐकतात बे माह्यं," दादा म्हणाला. "तू तं फोन लावला का सुरू. कुठली कंपनी सोडली, कुठली धरली."



मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. अन् दादानं मन मोकळं करायला एखाद दिवशी मला फोन लावावा, तोही मॅडमच्या डोळ्यांदेखत.