तीन दुकानांचा भात

आमचे नागपूरचे शेजारी तांदूळ तीन ठिकाणांहून आणत: रेशनच्या दुकानातून, ग्राहक भांडारातून आणि सायकल मारत थेट इतवारीच्या बाजारातून. तुलना केल्याशिवाय त्यांना घास जात नसे. भांडारातला माणूस गिऱ्हाइकाशी बोलत नाही, म्हणून त्याचा तांदूळ शांत शिजतो, असं त्यांचं मत. इतवारीतला शेठ गोड हसतो, तेव्हा त्याचा तांदूळ दगाबाज.

रोज संध्याकाळी कुंपणावरून माझ्यापुढे वाटी यायची.

"खाऊन पाहा भाऊ. रेशनचा होय. वास येऊन राहिला नं?"

मला खरंच वास यायचा.

एकदा त्यांच्या बायकोनं हे ऐकलं. "अजी, काहून भाऊले तरास देता? मी त तिन्ही तांदूळ एकाच कोठीत ओतते."

"कवापासून?"

"लगीन झालं तवापासून."

माझ्या तोंडातल्या घासाला अजून रेशनचा वास येत होता. मग शेजाऱ्यांनी वाटीतलं एक शीत उचलून उजेडात धरलं.

"पण भाऊ, हे इतवारीचंच होय."

मी नीट पाहिलं. शीत दगाबाजच दिसत होतं.